मंत्र्यांचा डावा गाल

लिओं शहरात, मर्सिएर गल्लीच्या तोंडाशी, बुर्दें ओताऱ्यांची ओतशाळा होती. दारावर नाव होतं पोन्स बुर्दें याचं. आत मात्र आवाज चालायचा तो त्याच्या थोरल्या बहिणीचा. एनमोंद तिचं नाव. वय सेहेचाळीस, लग्न केलेलं नाही, उंची बेताची; पण नदीपलीकडच्या नावाड्याला इकडून हाक मारली तर तो वल्हं थांबवून मागे बघायचा.

वडिलांनी बाराव्या वर्षी तिच्या हातात छिन्नी दिली आणि अक्षरांवर बसवलं. मोठ्या माणसाच्या पदकावर चेहऱ्याभोवती ती गोल ओळ फिरते ना, अमुक सरदार, तमुक प्रांताचे सुभेदार, राजाचे विश्वासू, ती या ओतशाळेत तीस वर्षं एनमोंदच्या हातची होती. कडेची मण्यांची माळ तिची. मागच्या बाजूचा शहराचा सिंहही तिचाच, आणि त्या सिंहाच्या आयाळीत तिनं इतका जीव ओतलेला असायचा की पदक हाती आलेला माणूस आधी पालथं करून सिंहच बघायचा.

चेहरा मात्र तिचा नाही. चेहरा मालकानं करायचा, असा रिवाज. वडील होते तोवर वडिलांनी केला आणि ते गेल्यावर पोन्सनं. आता पोन्स म्हणजे भट्टीचा राजा. मुशीतला धातू ओतायला आलाय की नाही हे त्याला वासावरून कळायचं. आजवर त्याचं एकही ओतकाम फसलं नव्हतं. पण तोच माणूस मेणात नाक काढायला बसला की सलगम उगवायचं. दोन सरदार, एक धर्माधिकारी आणि एक सेनापती अशा चौघांना त्यानं एकच सलगम दिलं होतं.

आणि त्या वसंतात बातमी आली की राजाचे मंत्री ओब्रेव्हाल स्वतः लिओंला येणार. वेशीवर स्वागत, नगराच्या किल्ल्या, भाषणं, आणि रविवारी नगरसभेतर्फे त्यांच्याच चेहऱ्याचं सोन्याचं पदक. नगरशेठ शार्व्हे ओतशाळेत आले ते दारातूनच बोलत आले.

"पोन्स, या वेळी चेहरा ओळखू आला पाहिजे बरं का! मागच्या सेनापतींनी पदक बघून विचारलं, हे माझे काका का म्हणून. आम्ही हसून वेळ मारून नेली. या वेळी जमलं नाही तर पुढची सगळी पदकं पॅरिसच्या माणसाकडे. सभेनं ठरवलंय."

नगरशेठ गेले. पोन्स भट्टीच्या कट्ट्यावर बसला आणि बराच वेळ चिमट्यानं जमिनीवर रेघा मारत राहिला. मग म्हणाला, "ताई, तू करतेस?"

तीस वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो आला, तेव्हा एनमोंदच्या हातात झाडू होता. तिनं तो भिंतीला टेकवला.

"करते. पण ऐक. चेहरा पसंत पडला तर इथून पुढे चेहरे माझे. चोरून नाही, उघड. पदकावर, चेहऱ्याच्या खांद्याखाली, सहीचं अक्षर माझं."

"आणि नाही पडला तर?"

"तर मी परत अक्षरांवर. मरेपर्यंत पुन्हा हा विषय काढायची नाही."

पोन्सची बायको पेर्नेत शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही आणि मरेपर्यंत गप्प? त्यासाठी तरी चेहरा फसावा!" पण हे म्हणताना तिनं आपली सगळ्यांत चांगली मेणबत्त्यांची जोडी फडताळातून काढली आणि नणंदेच्या मेणकामाच्या पाटीशेजारी ठेवली.

मंत्र्यांना लिओंत कोणी पाहिलं नव्हतं. नगरशेठांनी एक छापचित्र तेवढं आणून दिलं होतं: नुसतं डोकं आणि गळ्यापर्यंतची लेसची कॉलर. तोंड डावीकडे वळलेलं, आणि गालाच्या हाडापासून जबड्यापर्यंत एक खोल व्रण. तरुणपणी कुठल्या वेढ्यात बंदुकीची गोळी घासून गेली होती म्हणे. साऱ्या मुलखात मंत्री त्या व्रणावरून ओळखले जायचे.

एनमोंदनं चित्र पाहिलं आणि वडिलांचा धडा तिला आपोआप आठवला. तांब्याच्या पत्र्यावर जे सुलट कोरलं ते कागदावर उलट उमटतं. म्हणून चित्रात तलवार बघावी. ती उजव्या कमरेला दिसली तर समजावं, कागद उलटा आहे. या चित्रात ना तलवार, ना हात, ना बटणं. बुर्दें घराण्यात अशा वेळी एकच नियम होता: कागदावर विश्वास ठेवायचा नाही, उलटवून घ्यायचा. तिनं उलटवला. पाटीवर मेणाचा चेहरा उजवीकडे बघू लागला आणि व्रण उजव्या गालावर उतरला.

काय चेहरा उतरला होता! पापणी जडावलेली, ओठाच्या कोपऱ्यात किंचित कंटाळा, कानामागे केसांची एक बट सुटलेली. पेर्नेत बघायला आली आणि तिनं नकळत डोक्यावरचं फडकं सावरलं. "वन्सं, हा माणूस आत्ता मला पाणी मागेल हो." पोन्सनं साचा भरला, सोनं ओतलं आणि पदक थंड झाल्यावर बहिणीच्या हातात दिलं. त्याचे डोळे भरलेले होते. तो म्हणाला, धुरानं.

गुरुवारी मंत्र्यांची स्वारी आली. खिडक्यांतून गालिचे सोडलेले, घंटा चाललेल्या, रस्त्याला पाय ठेवायला जागा नाही. एनमोंद आणि पेर्नेत एका भाजीवाल्या बाईच्या उलट्या टोपलीवर उभ्या. घोडा जवळ आला. एनमोंद मंत्र्यांच्या उजव्या हाताला होती. तिनं मान उंच केली.

गाल गुळगुळीत होता. न्हाव्यानं नुकताच तासलेला, गुलाबी, निर्मळ गाल. व्रण नव्हता.

तिला वाटलं, ऊन डोळ्यांवर आलंय. तेवढ्यात किल्ल्या घ्यायला मंत्र्यांनी घोडा वळवला आणि दुसरी बाजू दिसली. हाडापासून जबड्यापर्यंत, डाव्या गालावर.

चूक कुठे झाली ते त्याच क्षणी तिच्या डोक्यात उजाडलं. पॅरिसचा तो कोरणारा हुशार होता. कागदावर उलट उमटतं हे त्यालाही ठाऊक. म्हणून त्यानं पत्र्यावरच आरसा धरून उलटं कोरलं होतं. चित्र सुलट होतं. उलटं केलं ते तिनं.

"पेर्नेत, मला खाली उतरव," ती म्हणाली.

घरी पोन्सनं सगळं ऐकून घेतलं. "असू दे ना ताई. मोठी माणसं पदकावरचं आपलं नाव वाचतात आणि पेटीत ठेवतात. कोण बघतंय कुठला गाल?"

"माझा आयाळीतला एक केस चुकला तर तू साचा फोडायला लावतोस."

"ते वेगळं. तो सिंह आपल्या शहराचा आहे."

तरीही ती निघाली. मंत्री नगरशेठांच्याच वाड्यात उतरले होते. मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरून तिनं नगरशेठांना बोलावून घेतलं आणि एका दमात सांगून टाकलं. नगरशेठ शार्व्हे जाड माणूस, तीन हनुवट्यांचा. ऐकता ऐकता तिन्ही थरथरू लागल्या.

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"आम्हा तिघांना. आता तुम्हाला."

"आणि मला!" चुलीपाशी वस्तऱ्याला धार लावत बसलेला माणूस म्हणाला. मंत्र्यांचा न्हावी, तूसां. काटक, लांब बोटांचा, आणि जिभेलाही तेवढीच धार. "बघू बाई ते पदक. भिऊ नका. वीस वर्षं मी रोज सकाळी हा चेहरा हातात घेतोय. याच्या आईनं घेतला नसेल इतक्या वेळा."

नगरशेठांनी घाबरत घाबरत त्यांच्याकडे आधीच पोचलेल्या पदकाची पेटी उघडली. तूसांनं पदक खिडकीपाशी नेलं, बघितलं, आणि खो खो हसत सुटला.

"वा! अहो, हे तर ते स्वतःला दिसतात तसे आहेत! रोज दाढीनंतर मी आरसा धरतो, साहेब मान वळवून व्रण न्याहाळतात. आरशात काय दिसतं त्यांना? तोंड उजवीकडे आणि व्रण समोर. हुबेहूब हेच! उभ्या जन्मात त्यांनी आपला खरा चेहरा पाहिलाय कुठे? कोणी पाहिलाय म्हणा. नगरशेठ, निजा जाऊन. साहेब हे पदक बघून खूश होतील."

नगरशेठांच्या हनुवट्या एकेक करून स्थिरावल्या. "ऐकलंत ना बाई? परमेश्वर आहे! आता तोंडाला कुलूप. रविवारी त्यांनी मान डोलावली की तुमचं काम झालं. पुढचे चेहरे तुमचेच, माझा शब्द."

म्हणजे नुसतं गप्प बसायचं होतं. तीस वर्षांची वाट तीन दिवसांच्या मौनावर येऊन ठेपली होती. एनमोंद चुलीतल्या निखाऱ्यांकडे बघत उभी राहिली. वाड्यातल्या स्वयंपाकिणीनं तिच्या पुढ्यात कांद्याचं सूप ठेवलं. ते तसंच निवलं.

"नगरशेठ," ती अखेर म्हणाली, "याच साच्यातून ब्राँझची साठ पदकं निघणार आहेत. शहरात वाटायला, दुसऱ्या शहरांना पाठवायला. ती काही मंत्रीसाहेब एकटे बघणार नाहीत. ज्यांनी त्यांना समोरून पाहिलंय ते म्हणतील, हा कोण? मी कडेची ओळ उलटी कोरली असती आणि म्हटलं असतं, आरशात धरा, बरोबर दिसेल, तर चाललं असतं तुम्हाला?"

"अहो, पण ते सांगायचं कोणी? मी? माझ्या घरात जेवतायत ते!"

"सांगू नका. मला फक्त ते डावीकडून बघू द्या."

तूसांनं वस्तरा मिटला. ही बाई त्याला आवडली होती. "उद्यापासून पाण्याचं भांडं धरायला मला माणूस लागेल. माझ्या गड्याचं पोट बिघडलंय."

"कधी बिघडलं?" नगरशेठांनी विचारलं.

"उद्या सकाळी बिघडेल."

अशी एनमोंद बुर्दें पांढरा ॲप्रन बांधून मंत्र्यांच्या खोलीत आली. नाटकात एखादीनं आयुष्यभर पडद्यामागून गावं आणि एके दिवशी हातात ताट देऊन तिला थेट राजासमोर ढकलावं, तशी. मंत्री खुर्चीत मागे रेलले होते, डोळे मिटून, अर्धा चेहरा फेसात. ती डाव्या बाजूला उभी राहिली आणि पाहू लागली.

छापचित्रात नसलेलं केवढं तरी तिथं होतं. व्रणानं गाल आत ओढला होता, त्यामुळे ओठाचा तो कोपरा किंचित वर उचललेला. कागदावर कंटाळा वाटला होता, तो कंटाळा नव्हताच. माणूस हसायच्या बेतात असल्यासारखा दिसायचा, आणि ही काही त्याची इच्छा नव्हती, गोळीची होती. व्रणाखाली चार राठ केस होते, तिथं वस्तरा पोचायचा नाही. दाढी आटोपताच ती स्वयंपाकघरात धावली, पाटी पुढ्यात घेतली आणि नजरेत साठवलेलं सगळं मेणावर उतरवू लागली. तिथली स्वयंपाकीण तिच्याभोवती कोबी चिरत होती आणि मधून मधून म्हणत होती, "नाक अजून थोडं खाली. मी जेवण वाढते ना, वरून बघते."

शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी मंत्र्यांनी एकाएकी डोळे उघडले.

"तूसां, ही बाई कोण? खाटकाच्या दुकानात मांडी निवडावी तशी बघतेय माझ्याकडे."

तूसांचा वस्तरा हवेत थांबला. दाराशी नगरशेठ उभे होते. त्यांनी चौकट धरली. एक थाप पुरली असती. भांडं धरणारी नवीन आहे, साहेब, खेडवळ आहे, एवढंच.

एनमोंदनं भांडं खाली ठेवलं. "सरकार, मी ओतारीण. तुमचं पदक मी केलंय. ते चुकलंय, म्हणून परत बघतेय."

"चुकलंय? नगरशेठ, आणा बघू."

नगरशेठांनी पेटी आणली ती दोन्ही हातांनी, नैवेद्यासारखी. मंत्र्यांनी फेसाळल्या चेहऱ्यानंच पदक उजेडात धरलं आणि त्यांची मुद्रा खुलली. "चूक कसली? हा मीच की! अगदी मीच. पॅरिसमध्ये कोणाला जमलं नाही हे."

"हे आरशातले तुम्ही, सरकार," ती म्हणाली. "आम्हाला दिसता ते हे." आणि ॲप्रनखालून तिनं पाटी काढली.

मंत्र्यांनी मेणाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. फेस ओघळून कॉलरवर पडला तरी त्यांना कळलं नाही.

"हा कोण?"

तूसांनं पाटीकडे बोट केलं. दारातल्या सेवकानं मान डोलावली. नगरशेठांनी डोळे मिटून घेतले आणि म्हटलं, "आपणच, सरकार."

"हा हसतोय."

"थोडंसं," एनमोंद म्हणाली. "ओठ वर ओढला गेलाय ना."

"म्हणजे मी दरबारात लोकांना शिक्षा सुनावतो तेव्हाही असाच दिसतो?"

"दिसता, सरकार," तूसां म्हणाला. "म्हणून तर ते जास्त घाबरतात."

आणि मग मंत्री हसले. पोटातून, खुर्ची हलेपर्यंत हसले, आणि हसताना तो ओठ आणखी वर गेला. एनमोंदचा अंगठा आपोआप हलला. मेणात तिथं अजून केसभर उचलायला हवं होतं.

"सोन्याचं राहू दे," त्यांनी डोळे पुसत सांगितलं. "त्रेपन्न वर्षं मी याच माणसाला ओळखतो, तोच माझ्याजवळ असू दे. पण ब्राँझची साठ या मेणावरून काढा. त्यातलं एक पॅरिसला, माझ्या बायकोला. तिला हा ओळखू येईल. ती नेहमी म्हणते, भांडताना हसू नका. मला वाटायचं, बाई काहीतरीच बोलते."

रविवारी नगरसभेच्या दिवाणखान्यात पदक अर्पण झालं. भाषणं लांबली, मेणबत्त्या वितळल्या, एका म्हाताऱ्या सभासदाला डुलकी लागली. शेवटी मंत्र्यांनी पदक हाती घेतलं आणि विचारलं, "कारागीर कुठे आहे?"

रिवाजाप्रमाणे मालकानं पुढे व्हायचं. सगळ्यांच्या नजरा पोन्सकडे गेल्या. नवीन अंगरख्यात तो भट्टीपुढे कधी घामाघूम झाला नव्हता इतका झाला होता. तो दोन पावलं पुढे आला, वाकला आणि मागे वळला.

"ताई, ये ना. किती वेळ मला असा उभा ठेवशील?"

सभेत कुजबुज झाली. एक सभासद म्हणाला, ओताऱ्यांच्या संघाच्या नियमात बसतं का हे? दुसरा म्हणाला, नियमात मालकाची सही लागते, चेहरा कोणी करावा हे लिहिलेलं नाही; मी वाचलाय नियम. तिसरा म्हणाला, तुम्ही वाचलाय? कधी? आणि त्या वादात एनमोंद जाऊन पोचलीसुद्धा. ती वाकली, पण डोळे खाली नव्हते. मंत्र्यांच्या जबड्याखालचे ते चार राठ केस आज निघालेत का, हे ती बघत होती.

ब्राँझची पदकं आठवड्यात ओतली गेली. पोन्सनं इतक्या काळजीनं धातू कधी ओतला नव्हता. एकही फुकट गेलं नाही. खांद्याच्या खाली, जिथं वडिलांचं आणि मग पोन्सचं अक्षर असायचं, तिथं दोन अक्षरं आली: पहिलं तिचं, शेजारी ओतणाऱ्या भावाचं. ती दोन्ही कोरली एनमोंदनंच. अक्षरांचं काम तिनं सोडलं नाही. पोन्सच्या अक्षरांना पाय फुटायचे, ते तिला बघवत नसे.

पुढच्या चौदा वर्षांत तिनं सव्वीस चेहरे केले. सुभेदार, सेनापती, एक वकील, दोन मठाधिपती, आणि एकदा हौसेनं पेर्नेत, डोक्याला फडकं बांधलेली. कागदावरून एकही केला नाही. ज्याला पदक हवं त्यानं येऊन बसायचं, खिडकीजवळच्या तिवईवर, आणि तोंड बंद ठेवायचं. मोठमोठे लोक बसले. काहींना ती शिस्त इतकी आवडली की काम संपल्यावरही ते उठायला कां कूं करायचे.

पहिले आले ते नगरशेठ शार्व्हे. सभेनं त्यांच्या वीस वर्षांच्या सेवेबद्दल पदक ठरवलं होतं. तिवईवर ते जपून बसले, मान ताठ केली, हनुवटी उंच धरली.

"बाई," ते हळूच म्हणाले, "तीनच्या जागी दोन केल्या तर?"

"डावीकडून बघते हं," एनमोंद म्हणाली आणि मेण बोटांत मऊ करू लागली. "डावीकडून कदाचित दोनच असतील. मान खाली घ्या."